मिस्त्रीची पहिली फेरी

पूल झाला त्या दिवशी आमच्या गावात पोतंभर नारळ फुटले. मंडप पडला, पुढारी आले. इंजिनिअरला फेटा, कंत्राटदाराला फेटा, मुरूम टाकणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यालाही फेटा. ज्या माणसानं त्याच जागेवर बावीस पावसाळे गाव या काठावरून त्या काठावर नेलं आणि आणलं, त्याला साधं बोलावणं नव्हतं. तो माणूस मी. त्या दिवशी मी दार लावून घरात बसलो होतो आणि काही कारण नसताना बायकोवर ओरडत होतो.

पुढं कित्येक महिने ही तक्रार मी भेटेल त्याला ऐकवली. नावेवरच्या आठवणी लिहा म्हणून या दिवाळी अंकाकडून निरोप आला, तेव्हाही पहिल्यांदा तीच डोक्यात आली. कागद घेऊन बसलो आणि लक्षात आलं की तक्रार लिहायची तर तिच्यामागचंही लिहावं लागणार. चार दिवस कागद तसाच ठेवला. आता लिहितो.

शहरातल्या वाचकांसाठी आधी नदीचं सांगायला हवं. आमच्याकडं नदीवर दगडी खांबांचा बंधारा आहे. पाऊस संपला की खांबांमध्ये फळ्या घालून पाणी अडवायचं, पावसाच्या तोंडावर त्या काढून घ्यायच्या. उन्हाळाभर माणसं, सायकली, बैलगाड्या सगळं बंधाऱ्यावरून जातं. पाऊस लागला की बंधारा पाण्याखाली. गावाचे निम्मे मळे पलीकडं, हायस्कूल पलीकडं, दुधाची डेअरी पलीकडं. सडकेनं जायचं तर दोन एसट्या बदलून नदीला वळसा घालायचा, त्यात सकाळ जायची. म्हणून पावसाळ्याचे चार महिने नाव. त्या नावेचा ठेका दर वर्षी ग्रामपंचायतीत लिलावात निघायचा आणि दर वर्षी मीच घ्यायचो.

माझा बाप दुसऱ्याच्या मळ्यात राबायचा. मी वाळूच्या होडीवर होतो. नदीच्या तळाला बुडी मारायची, बादली भरायची, वर यायचं, असं दिवसभर. कानातून रक्त यायचं. त्यातून चार पैसे साठवून कृष्णाकाठच्या एका म्हाताऱ्याकडून जुनी लाकडी नाव घेतली. तिची किंमत पाडायला मी तीन दिवस त्याच्या सोप्यात बसून होतो. तिसऱ्या दिवशी त्याची बायको आतून म्हणाली, "देऊन टाका ह्याला. न्हायतर ह्यो हितंच ऱ्हायला यील." घासाघीस करताना मला पैशाचं एवढं नसायचं. समोरचा आधी दमला पाहिजे, एवढंच असायचं.

गावातल्या माणसांकडून भाडं घ्यायचं नाही, सुगीला घरटी धान्य घ्यायचं, अशी रीत होती. परका माणूस असेल तर रोख. हातकणंगल्याच्या बाजारातून म्हैस घेऊन आलेला एक जण एकदा हटून बसला, म्हैस नावेत घ्या म्हणून.

मी म्हटलं, "पावणं, म्हस पवती, तुमी पवत न्हाईसा. तुमी बसा नावंत, ती यील मागनं."

"मग म्हशीचं भाडं कशाचं मागतायसा?"

"सोबतीचं."

अर्धा तास आम्ही भांडलो. शेवटी म्हैस कंटाळून स्वतःच पाण्यात उतरली आणि आमच्या आधी पलीकडं जाऊन उभी राहिली. भाडं मी तरीही घेतलं. हा किस्सा मी लग्नाकार्यात खूप वेळा सांगितला आहे आणि लोक हसले आहेत. लोकांना माझा तो स्वभाव आवडायचा. मलाही आवडायचा.

नावेचं खरं काम मात्र पावसाळ्यात नसतं, ते वैशाखात असतं. पावसाळ्यात नुसतं पोचवायचं. तिला पावसाळ्यासाठी तयार करणं हे काम वेगळं, आणि ते करणारा माणूसही वेगळा.

आमच्याकडं तो माणूस यल्लाप्पा मिस्त्री. सीमेकडच्या गावचा, घरात कानडी, बाहेर मराठी. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठा. मला 'तम्मा' म्हणायचा, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. अक्षय तृतीया झाली की हत्यारांचं गोणपाट खांद्यावर टाकून तो एसटीतून उतरायचा. त्या दिवशी दोन बैलजोड्या लावून, खाली ओंडके सारत, आम्ही नाव घाटावर ओढून पालथी घालायचो. गेल्या वर्षीचं डांबर खुरप्यानं खरवडून काढायचं. मग आठ दिवस उन्हात तापू द्यायची. त्या आठ दिवसांत मिस्त्री काही करत नाही असं दिसायचं. लाकडी हातोडी घेऊन एकेका फळीवर टकटक करत, कान लावून फिरायचा. चांगलं लाकूड टणटण बोलतं, सडलेलं भद्द बोलतं.

मग फटी भरायच्या. फळीला फळी जोडलेली असते तिथं फट राहतेच. अंबाडीच्या सालीचा धागा, म्हणजे वाख, तेलात भिजवायचा, मांडीवर वळून त्याची वात करायची, आणि बोथट पटाशी आणि हातोडीनं ती फटीत ठोकून बसवायची. वरून राळ, त्यावर डांबर. हे झालं की नाव सुलटी करून तिच्यात पाणी भरायचं. बाहेरून नव्हे, आतून, काठोकाठ. याला आम्ही नावेला पाणी पाजणं म्हणायचो. चार दिवस पाणी पिऊन लाकूड फुगतं, आतला वाख फुगतो आणि दोघं एकमेकांना असं आवळून धरतात की मधून केस जात नाही. बाहेरून कुठं घाम फुटला तर मिस्त्री कोळशानं खूण करायचा आणि तेवढा भाग पुन्हा भरायचा.

आणि सगळ्यात शेवटी पहिली फेरी. ही रीत आमच्या नदीवर माझ्या बापाच्या आधीपासूनची. नवीन मोसमाची पहिली फेरी मिस्त्रीची. स्वच्छ धुतलेलं पांढरं धोतर नेसून तो नावेच्या तळाला, लाकडावर मांडी घालून बसायचा. पलीकडं जाऊन परत यायचं. घाटावर सगळं गाव उभं. मिस्त्री उतरला की पाठमोरा उभा राहायचा आणि लोक धोतर बघायचे. कोरडं असेल तर नाव पास. बायका नदीची ओटी भरायच्या, मग बाकीची माणसं चढायची. धोतरावर हाताएवढा जरी ओला डाग असला तरी कुणी पाय ठेवायचं नाही. एका वर्षी तसा डाग पडला तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "मिस्त्री, नाव गळती का तुमी?" सगळा घाट हसला, मिस्त्रीही हसला. नाव पुन्हा वर ओढली आणि तीन दिवस तो त्याच एका फटीवर बसला होता.

ज्या वर्षाचं मला सांगायचं आहे ते नव्वद सालानंतरचं, दोन हजारच्या आधीचं. तोवर सगळीकडं ऊस झाला होता. बांधाला अंबाडी लावणारे शेतकरी उरले नव्हते. मिस्त्रीनं आपल्याजवळ होता तेवढा वाख आणला, त्यात नावेचा पुढचा अर्धा भाग झाला. मागच्या भागासाठी तो म्हणाला, "माझ्या मेव्हण्याच्या शेतात अंबाडी हाय, सीमेच्या पल्याड. आठ दिस लागत्याल. दोन फळ्या बी बदलाय पायजेत."

त्या वर्षी त्यानं पहिल्यांदाच मजुरी वाढवून मागितली होती. मी ती दोन दिवस बसून पाडली होती आणि तो गप्प झाला होता. तिथंच थांबायला हवं होतं. पण एकदा जिंकायला लागलो की मला थांबता येत नसे. आठ दिवस त्याला बसून जेवू घालायचं, वर दोन फळ्या, हे माझ्या डोक्यात बसेना. मी घरी गेलो, खताच्या रिकाम्या पोत्यांच्या पिवळ्या प्लास्टिकच्या दोऱ्या उसवल्या आणि बिंडा करून त्याच्यापुढं टाकला.

"हे घ्या. वाखापेक्षा मजबूत. सडत न्हाय, कुजत न्हाय."

त्यानं एक धागा उचलला, बोटांत फिरवला आणि खाली ठेवला. "ह्ये पाणी पीत न्हाय, तम्मा."

"न पिऊ दे की. बरंच हाय."

"पाणी पिलं तर फुगतंय. फुगलं तर धरतंय. ह्ये कुनाला धरत न्हाय. नदी वडाय लागली की सापावानी निघून जाईल."

"मिस्त्री, तुमास्नी ठोकायचे पैसे मिळत्यात. ठोका."

"मी न्हाय ठोकत."

मग मी म्हटलं, "मेव्हण्याच्या अंबाडीत तुमचा किती वाटा हाय?"

घाटावर धुणं धुणाऱ्या दोन-चार बायका होत्या. त्यांनी हात थांबवले. मिस्त्रीनं हातोडी खाली ठेवली. मग पुन्हा उचलली, फडक्यानं पुसली, गोणपाटात घातली. एकेक हत्यार तसंच पुसून घातलं. झालेल्या कामाचे पैसेही मागितले नाहीत. जाताना म्हणाला, "पयल्या फेरीला मला बोलवू नगंस."

मिस्त्री गेलेला ज्या बायकांनी पाहिला होता त्यांना तो परत येणार म्हणून सांगितलं, आणि मागचा अर्धा भाग घाटावर कुणी नसताना मीच भरला. दहा-बारा वर्षं मिस्त्रीला ठोकताना बघत होतो, त्यात काय आहे असं वाटायचं. प्लास्टिकच्या वाती वळल्या, ठोकल्या, वरून डांबर मारलं. सगळी नाव एकसारखी काळी झाली. पाणी पाजलं तर मागून टपटप सुरू झाली. डांबराचा दुसरा हात मारला. बंधारा बुडायच्या दोन दिवस आधी, पहाटेच, एकटाच पलीकडं जाऊन आलो. थोडं पाणी आत आलं. फुगेल म्हटलं. काय फुगणार होतं?

बंधारा बुडाला त्या दिवशी घाटावर नेहमीसारखी माणसं जमली. आमच्या उपकेंद्रातल्या नर्स, कांबळे सिस्टर, पुढं होत्या. त्या रोज पलीकडच्या गावातल्या बायकापोरांना बघायला जायच्या, खांद्याला लसींचा डबा. मोठ्या आवाजाची, थट्टेखोर बाई.

"काय आण्णा, मिस्त्री कुठायत? धोतर बघायला आलोय सगळी."

"सकाळीच बसून गेले. गडबडीत हुते."

"मग धोतर कसं हुतं?"

"खडखडीत."

एवढंच बोललो. पाच-सहा शब्द. लोक चढले.

पंधरा दिवस नावेनं साथ दिली. रोज घरी जाताना मी पाणी उपसायचो, आणि कुणी बघत नाही ना बघायचो. सोळाव्या दिवशी वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला आणि नदी तांबडी, भरभरून आली. नाव सोडायला नको होती. पण पलीकडून दोन-तीन जणांनी मुद्दाम हाका मारल्या, "भ्यालासा काय आण्णा?" आणि मी सोडली. नावेत दहा जण. मागं वल्ह्यावर माझा चुलतभाऊ शामू, पुढं बांबू घेऊन मी. गणपा दूधवाला दोन कॅन घेऊन बसलेला. कांबळे सिस्टर मधल्या फळीवर.

कुणी मेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण तेवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे.

मधल्या ओढीत नाव वाकली. लाकूड करकरलं आणि मागच्या बाजूला तळातून पाणी असं आलं, जसं कुणी खालून हात घालून सोडतंय. शामू ओरडला. पाणी घोट्यापर्यंत आलं, पोटऱ्यांपर्यंत आलं. त्या पाण्यावर पिवळी दोरी तरंगत होती, लांबच्या लांब. मिस्त्री म्हणाला होता तशीच निघाली होती. गणपानं दोन्ही कॅन नदीत ओतले. पांढरं दूध तांबड्या पाण्यात गेलं आणि त्या कॅननी तो पाणी उपसायला लागला. सिस्टरनी लसींचा डबा डोक्यावर घेतला आणि दुसऱ्या हातानं पदर फटीत कोंबला. "वरडू नगासा, उपसा," एवढंच त्या सगळ्यांना सांगत होत्या. मी बांबू टेकवायला बघत होतो आणि तळ लागत नव्हता. नाव वाहत गेली. अर्ध्या मैलावर नदी एका उसाच्या फडात शिरली होती. तिथं नाव उसात घुसली आणि अडकली. माणसं उसाचे पाले धरून, छातीएवढ्या पाण्यातून काठाला लागली. पाल्यानं सगळ्यांचे हात कापले होते.

दुसऱ्या दिवशी तलाठी आला. घाटावर सगळं गाव. त्यानं विचारलं, "नावेच्या फटी कुणी भरल्या?"

मी म्हटलं, "यल्लाप्पा मिस्त्रीनं."

अर्धी नाव त्यानंच भरली होती. तेवढं खरं होतं, आणि त्या अर्ध्या खऱ्यावर मी पुढं कित्येक वर्षं उभा राहिलो.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "पयल्या फेरीला बसला बी हुता की त्यो. धोतर कोरडं हुतं म्हनं."

"म्हातारा झाला. हात ऱ्हायला न्हाई त्याचा."

"पैसं घेऊन पळाला आसंल सकाळ सकाळ."

मी काही बोललो नाही. कुणी मला विचारलंही नाही. तोंड बंद ठेवायला काही कष्ट पडत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

दोन दिवसांनी कांबळे सिस्टर घरी आल्या. बायकोनं पाट दिला, त्या बसल्या नाहीत. औषधाच्या कागदी पाकिटातून त्यांनी पिवळी दोरी काढली आणि माझ्यापुढं ठेवली.

"आण्णा, हे अंबाडी न्हवं."

"सिस्टर, तुमी सुया टोचा. नावंचं मी बघतो."

"त्या दिवशी मिस्त्री आलेच नव्हते न्हवं?"

मी आवाज चढवला. काय काय बोललो ते आठवत नाही, आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. माझा श्वास संपल्यावर म्हणाल्या, "मी गावात सांगितलं तर लोक म्हणतील, बाहेरची बाई गावात भांडणं लावती. तुमीच सांगा. आठ दिवस वाट बघते."

आठ दिवस झाले. महिना झाला. मी फळ्या बदलल्या, पल्याडहून अंबाडी आणली, दुसऱ्या कारागिराकडून नाव भरून घेतली. त्याला मिस्त्रीनं मागितली होती त्यापेक्षा जास्त मजुरी दिली आणि घासाघीस केली नाही. लोक परत नावेत बसायला लागले. सिस्टर बसल्या नाहीत. त्या वर्षी आणि पुढं बदली होईपर्यंत प्रत्येक पावसाळ्यात, त्या दोन एसट्या बदलून, नदीला वळसा घालून पलीकडच्या गावाला गेल्या. सकाळी साडेसहाची एसटी घाटाजवळच्या फाट्यावरून जायची. खिडकीत त्या दिसायच्या. कधी माझ्याकडं बघून तोंड फिरवलं नाही. बघायच्या आणि मान हलवायच्या, ओळखीचा माणूस दिसल्यावर हलवतात तशी. शिव्या दिल्या असत्या तर मला भांडता आलं असतं.

पुढच्या वैशाखात मिस्त्री गोणपाट घेऊन नदीकाठच्या गावांतून फिरला, असं मला गडमुडशिंगीच्या एका ओळखीच्या माणसानं चहाच्या गाड्यावर सांगितलं. एकाही गावानं त्याला नावेला हात लावू दिला नाही. "धोतर कोरडं दाखवून दहा मानसं बुडवाय निगाला हुता," असं त्याच्या तोंडावर बोलले. मी ते ऐकलं आणि चहा संपवला.

पुलाच्या मंडपाचं वर लिहिलंच आहे. माझा राग काही शांत होईना, तेव्हा सरपंचाच्या घरी गेलो. तो वयानं माझ्या मुलाएवढा. म्हणाला, "आण्णा, तुमचं नाव यादीत पयलं हुतं. कांबळे सिस्टरना बी पत्रिका दिल्ती, जुनी मानसं म्हणून. त्यांचा फोन आला. म्हणाल्या, आण्णाचा सत्कार असंल तर मी येऊन एक प्रश्न इचारणार मंडपात. काय ते तुमचं तुमी बघा. कार्यक्रमात घोळ नगं म्हणून आमी नाव काढलं."

मी तसाच एसटीत बसून कोल्हापूरला गेलो. सिस्टर निवृत्त होऊन राजारामपुरीत मुलीकडं राहत होत्या, खाली मुलीचा दवाखाना, वर घर. जिन्यावरून चढतानाच मी बोलायला सुरुवात केली होती.

"माझं नाव तुमी काढलंसा. बावीस वर्षं मी गाव वाहिलं."

"व्हय, वाहिलंसा," त्या म्हणाल्या. "बसा. पाणी घ्या."

"पाणी नगं. एकदा चूक झाली तर माणसाचं सगळंच पुसायचं?"

"चुकीचं कोण म्हणतंय? नाव कुणाची बी गळती. तुमी मंडपात उभं राहून एवढंच सांगायचं, मागची अर्धी नाव कुणी भरली. फेटा मी स्वतः बांधला असता."

घासाघिशीत मी कधी असा अडकलो नव्हतो. त्या एकाच गोष्टीवर बसून होत्या, कितीतरी वर्षं, आणि दमल्या नव्हत्या.

"मिस्त्री हायत अजून," त्या म्हणाल्या. "माझी भाची त्याच गावात दिलीया. मुलाचं पंक्चरचं दुकान हाय. तिथं बसलेले असत्यात." आणि गावाचं नाव सांगितलं.

पुढच्या आठवड्यात गेलो. सडकेच्या कडेला पत्र्याची शेड, बाहेर टांगलेले टायर. पाण्यानं भरलेली लोखंडी घमेली, तिच्यापुढं पोत्यावर यल्लाप्पा मिस्त्री. डोळे गेल्यासारखेच होते. मुलगा हवा भरलेली ट्यूब पाण्यात दाबायचा आणि म्हातारा पाण्याजवळ कान नेऊन ऐकायचा. बुडबुडा कुठून येतो ते सांगायचा, "हितं." मुलगा तिथं खूण करायचा.

"कोण आलंय?" माझ्या चपलांचा आवाज ऐकून तो म्हणाला.

"मी. म्हादू. नावंवाला."

त्यानं पोत्याची एक बाजू मोकळी केली. "बस, तम्मा."

मुलगा, मल्लू नाव त्याचं, हातात लोखंडी पट्टी धरून माझ्याकडं बघत होता. म्हणाला, "त्या नावंचे का? आप्पांचा हात तवाच कापत हुता. मी म्हणायचो, सोडा आता, मानसं मरत्याल कुनाची तरी. आयकायचे न्हाईत." बापाची बाजू सावरून घेतल्यासारखा, समजुतीनं बोलला. "हत्यारं मीच भंगारात घातली शेवटी."

मी बोलायला लागलो. आधी त्या वर्षी अंबाडी कशी मिळत नव्हती ते सांगितलं, मग नदी कशी आली होती ते. मिस्त्रीनं हात वर केला.

"मला म्हाईत हाय. तिसऱ्या दिशी आलतो मी. नाव उसात पडल्याली. मागनं हात लावून बघितलं."

"मग बोलला का न्हाईसा? गावोगाव तुमास्नी..."

"काय बोलू? रागात अर्धी नाव टाकून मी गेलो. घाटावर चार मानसास्नी सांगून जायला पायजे हुतं की, हिच्यात बसू नगा म्हणून. न्हाय सांगितलं. दहा मानसं बसली त्यात. तेवढं माझं हाय."

मी त्याच्या पायाला हात लावायला वाकलो. त्यानं पाय ओढून घेतले.

"ते नगं. त्याला सांग," म्हणून त्यानं मुलाच्या दिशेनं हनुवटी हलवली.

मी मल्लूला सांगितलं. पिवळी दोरी, डांबर, पहाटेची एकट्याची फेरी, घाटावरचं खोटं, तलाठ्याला दिलेलं उत्तर, सगळं. पहिल्यांदाच सगळं एका दमात, एका माणसापुढं. तो ऐकत ऐकत खाली बसला. मग माझ्याकडं न बघता बापाला म्हणाला, "आप्पा, तुमी मला का सांगितलं न्हाईसा?"

"तू कवा इचारलंस?"

एक मोटारसायकलवाला हवा भरायला आला, मल्लूनं हवा भरली, तो गेला. मल्लूनं हात पुसले आणि समोरच्या गाड्यावर चहा सांगितला. "घ्या, पावणं," म्हणाला. मी तो चहा प्यालो. त्यानं मला शिवी दिली नाही. बापाच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ तसाच उभा होता, हात कुठं ठेवावा ते न कळल्यासारखा. एका खोट्यानं मी मिस्त्रीचं काम काढून घेतलं हे मला माहीत होतं. त्याच्या मुलाच्या मनातला बापही काढून घेतला, हे तोवर माहीत नव्हतं.

निघताना मिस्त्री म्हणाला, "तुझ्या गावात सांग. तोंडानं सांग."

मी हो म्हटलं. त्यांच्या आणि आमच्या गावांमध्ये तोवर पूल झाले होते, नावा चुलीत गेल्या होत्या. मिस्त्रीला काम परत मिळणार नव्हतं आणि माझा ठेका जाणार नव्हता. खरं बोलल्यानं माझं काही जाणार नाही अशी वेळ आल्यावर मी खरं बोलायला गेलो होतो. परतीच्या एसटीत हे मला कळलं, आणि तरी गावात सांगायचं धाडस झालं नाही.

मिस्त्री जाऊन आता बरीच वर्षं झाली. ग्रामसभेत मी तीनदा उभा राहिलो. एकदा गटारीवर बोललो, एकदा पाणीपट्टीवर, तिसऱ्यांदा नुसताच उभा राहून खाली बसलो. म्हणून हे कागदावर. तोंडानं सांग म्हटलं होतं, हे मी विसरलेलो नाही.

आमच्या गावच्या वाचनालयात हा अंक दर दिवाळीला येतो. दुपारी तिथं आम्ही चौघं-पाच जण म्हातारे बसतो. त्यातले दोघं त्या दिवशी नावेत होते, एक गणपा दूधवाला. दोघांनाही आता अक्षर लागत नाही. अंक त्यांना दर वर्षी मीच मोठ्यानं वाचून दाखवतो. गणपाची खोड अशी की आधी अनुक्रमणिका पूर्ण वाचायला लावतो, कुणी कुणी लिहिलंय ते ऐकतो आणि ओळखीचं नाव आलं की तेच पान आधी काढायला सांगतो.

यंदा अनुक्रमणिकेत माझं नाव आहे.